तुरीच्या शेंगेएवढा रफू

विरजण मागायला म्हणून मी खाली अक्कांकडे गेले आणि त्यांच्या मांडीवर मला माझ्या आईचं लुगडं दिसलं.

अख्खं लुगडं नव्हे. अक्का गोधडी शिवत बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, एक दुमडलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गोधडीच्या बरोबर मध्यभागी डाळिंबी चौकडीच्या इरकली कापडाचा मोठा तुकडा होता, आणि त्या तुकड्यावर तुरीच्या शेंगेएवढा हिरवा रफू. तो रफू मी हजारांत ओळखला असता.

"काय गं कुंदा? आज लवकर सुटलं ऑफिस?" अक्कांनी विचारलं, आणि विचारता विचारता गोधडी गोळा करून पायानं कॉटखाली सरकवली.

"विरजण हवं होतं."

"घे की. फडताळात हाय."

ताकाला जाऊन भांडं लपवतात असं ऐकून होते. इथं ताकाला मी गेले होते आणि भांडं अक्का लपवत होत्या. मी मुकाट्यानं वाटीत विरजण घेतलं, जिना चढले, वाटी ओट्यावर ठेवली आणि सरळ लोखंडी पेटी उघडली. वरच्या साड्या काढल्या, खालचे स्वेटर काढले, तळाचा कडुलिंबाचा वाळका पाला काढला. आईचं लुगडं नव्हतं.

याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. विट्यात दीरांचं दुमजली घर होतं. खाली थोरले दीर आणि अक्का, वर आम्ही. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, रत्नप्रभा त्यांचं नाव, पण गल्लीला त्या अक्काच. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी तेजू तीन महिन्यांची असताना मी नोकरीवर हजर झाले, तेव्हापासून ती अक्कांच्या पायांवर न्हाली, त्यांच्या हातची पेज खाऊन मोठी झाली. तेजू त्यांना मोठी आई म्हणायची. मी नुसतीच आई.

अक्कांना नाद एकच, गोधड्यांचा. विकायच्या म्हणून नव्हे, कुणी शिवायला सांगितल्या म्हणूनही नव्हे. दुपारची भांडी झाली की त्या जमिनीवर कापड पसरायच्या आणि धावदोरा घालत बसायच्या. कडेपासून सुरुवात, फिरत फिरत मध्यापर्यंत. कापड कुठूनही यायचं. शेजारणींच्या विटलेल्या साड्या, मागावरचे तुकडे, बोहारणीच्या गाठोड्यातली मऊ लुगडी, स्वतःचे जुने परकर. एका पावसाळ्यात एक गोधडी, असा त्यांचा हिशेब. आणि रिवाज असा की गोधडीचा एक कोपरा उघडा ठेवायचा. जो पांघरणार, त्यानं शेवटचा टाका घालायचा आणि कोपरा बंद करायचा. "न्हाईतर वाकळ त्याला वळखत न्हाई," असं त्या म्हणायच्या.

आता माझ्याबद्दल. आईनं माझं नाव कुंदा ठेवलं, पण खरं तर शंका ठेवायला हवं होतं. पंचायत समितीत मी रोजगार हमीचे हजेरीपट तपासायचे. एकाच माणसानं पंधरा अंगठे उठवले असले की मला टेबलाच्या पलीकडून दिसायचं. अशा पटावर मी लाल शाईनं गोल करायचे. नोकरीनं पगार दिला तसा हा स्वभावही दिला, आणि पगारासारखा तो मी घरी घेऊन यायचे.

आईच्या लुगड्यावरचा तो रफू माझ्यामुळं झालेला. मी आठ वर्षांची असताना तिचा पदर धरून धावत होते, तो शाळेच्या काटेरी तारेत अडकला आणि मी थांबले नाही. घरात हिरव्या दोऱ्याची एकच रीळ होती. आईनं त्याच दोऱ्यानं रफू केला. मी रडत म्हटलं, आई, दिसतोय की गं. ती म्हणाली, "दिसू दे. फाटलेलं शिवलंय, चोरलेलं नाही." आई गेल्यावर भावजयीनं विचारलं, ताई, काय हवं? मी फक्त ते लुगडं मागून घेतलं. जुन्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं होतं. मन फार भरून आलं की बाहेर काढायचे, वास घ्यायचे, परत ठेवायचे.

संध्याकाळी यजमान घरी आले तेव्हा मी पेटीतल्या साड्यांच्या ढिगात बसले होते.

"आता काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"अगं, इरकली लुगडं काय जगात एकच असतं?"

"आणि हिरवा रफू?"

"मग विचार की त्यांना. खाली तर आहेत."

"विचारलं तर कबूल करतील होय? चोर कधी पावती देतो का?"

"कुंदा, त्या अक्का आहेत," ते एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले. त्यांना सगळी माणसं चांगली दिसायची. घरात असा एक माणूस असला की दुसऱ्याला दुप्पट सावध राहावं लागतं.

मी चहा टाकला. नवं जाड बुडाचं पातेलं होतं, पाडव्याच्या साफसफाईत बोहारणीकडून घेतलेलं. तीन जुन्या साड्या, यांच्या दोन पॅन्टी आणि विरलेल्या अभ्र्यांचं बोचकं एवढ्यावर मी तिला गुंडाळलं होतं. ती बाई एरवी एका चमच्यासाठी तासभर वाद घालणारी, पण त्या दिवशी बोचकं हातात तोललं आणि मुकाट पातेलं काढून दिलं. मी ही फुशारकी चार घरी सांगितली होती. चहा उकळत होता आणि मी मनातल्या मनात हजेरीपट उघडून बसले होते.

चैत्रात भाचीच्या लग्नाला आम्ही तीन दिवस माहेरी गेलो, तेव्हा वरच्या घराच्या किल्ल्या कुणाकडे होत्या? अक्कांकडे. पेटीला कुलूप होतं का? नव्हतं. त्या लग्नाहून आल्यापासून अक्का आमच्याकडे वर किती वेळा आल्या? दोनदा. आणि दोन्ही वेळा चहा नको म्हणाल्या. ज्या बाईला माझ्या हातचा आल्याचा चहा लागायचा, ज्या जिन्यातूनच "टाकलास का गं?" म्हणून हाक मारायच्या, त्यांना अचानक पित्त झालं होतं. खाली घरी मात्र दोन वेळा चहा प्यायच्या, हे मी त्यांच्या खिडकीतून बघितलं होतं. खाई त्याला खवखवे. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बसणं त्यांना जमत नव्हतं, दुसरं काय?

वाईट याचं वाटत होतं की मागितलं असतं तर मी दिलं असतं. नसतं दिलं. पण मागितलं असतं तर मला राग आला नसता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येताना मुद्दाम खालच्या दारातून आत गेले. अक्का आणि तेजू हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मला बघितल्यावर दोघी गप्प झाल्या. तेजू तेव्हा सतरा वर्षांची, जुलैत सांगलीला तंत्रनिकेतनच्या वसतिगृहात जायची होती.

"काय चाललंय?"

"काही नाही," तेजू म्हणाली. "आई, तू वर जा ना. मी येतेच."

माझ्या पोटच्या पोरीनं मला वर जा म्हणावं! मी जिन्यात थांबून कान दिला, तर अक्का म्हणत होत्या, "तिला यवढ्यात कळू दिऊ नगंस." माझं रक्त तापलं. लुगडं तर लुगडं, पोरगीही आपल्या बाजूला वळवली होती.

तरी मी एकदा संधी द्यायची ठरवलं. रविवारी अक्का अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, दोन मुठी निवडल्या आणि अगदी सहज आवाज काढून विचारलं, "अक्का, परवा तुमच्या गोधडीत ते डाळिंबी कापड होतं ना, ते कुठलं हो?"

अक्कांचा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एवढा वेळ बघितलं की मलाच ताटाकडे बघावं लागलं.

"तुला ठावं न्हाई?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"खरंच न्हाई ठावं?"

"नाही."

"बरं," अक्का म्हणाल्या. तांदळातला एक खडा काढून त्यांनी लांब फेकला. "मग ऱ्हाऊ दे."

पुढं त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. केवढा हा निगरगट्टपणा! चोरी करायची, वर मलाच उलटतपासणी, आणि परत रुसायचं. मी त्याच रात्री जेवताना यांना सांगून टाकलं की तेजू सांगलीला गेली की आपण वेगळी जागा बघू. स्टँडच्या मागं नवी चाळ झाली होती, दोन खोल्या बस्स झाल्या.

"अठरा वर्षं राहिलो इथं," ते म्हणाले.

"म्हणून आयुष्यभर राहायचं?"

"दादांना काय सांगू? लुगड्याच्या तुकड्यापायी?"

"माझ्या आईच्या लुगड्याच्या," मी म्हटलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात धुतला. त्या दिवशी ते अर्धपोटी उठले, हेही मी अक्कांच्या खात्यावर मांडलं.

त्या आठवड्यात गुरुवारी पलीकडच्या गल्लीत एका सुनेचं डोहाळजेवण होतं. मला बोलावणं होतं, मी ऑफिसचं कारण सांगितलं. दुपारी अर्धी रजा टाकून घरी आले. अक्का नटून ओटीचं ताट घेऊन बाहेर पडल्या, ते मी वरून बघितलं. त्या कोपऱ्यावर वळल्या आणि मी खाली उतरले. दार नुसतं लोटलेलं होतं, आमच्या घरात दाराला कडी लावायची पद्धतच नव्हती. मी वाकून कॉटखालून गोधडी ओढली आणि जमिनीवर पसरली.

गोधडी झालेली होती. असा बारीक धावदोरा मी अक्कांच्याही हातचा पूर्वी बघितला नव्हता, जणू तांदळाचे दाणे ओळीनं मांडलेत. फक्त एक कोपरा उघडा होता आणि त्यात दोरा ओवलेली सुई टोचून ठेवलेली. मधे आईचा डाळिंबी तुकडा, आणि त्याच्या चारी अंगांनी काय असावं? तेजूचे फ्रॉक. पहिल्या वाढदिवसाचा पिवळा, शाळेत जायला लागली तेव्हाचा निळा, गॅदरिंगचा फुलाफुलांचा. माझ्या पोरीचे कपडेसुद्धा मला न विचारता! त्या क्षणी जरा थांबून मी ती गोधडी नीट वाचली असती तर तिथंच सगळं कळलं असतं. पंधरा खोटे अंगठे ओळखणाऱ्या बाईला एक खरी गोधडी वाचता आली नाही.

अक्कांच्या सुयांच्या डब्यातलीच कात्री मी घेतली आणि डाळिंबी तुकड्याच्या कडेनं चालवली. टाके तटातट तुटत गेले. खालचं जुनं कापड उघडं पडलं, आणि आईचा तुकडा माझ्या हातात आला. मी तो नाकाशी धरला. आईचा वास नव्हता, साबणाचा होता.

"नारळच इसरले बाई," असं म्हणत अक्का आत आल्या.

त्यांच्या हातात ताट होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, मग जमिनीवरच्या गोधडीकडे. मधोमध भोक पडलेली ती गोधडी. त्यांनी ताट हळूच कॉटवर ठेवलं.

मी उठून उभी राहिले. "हे माझ्या आईचं आहे."

"ठावं हाय मला."

नाही म्हणतील, रडतील, देवाच्या शपथा घेतील, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. याची नव्हती. "ठाऊक आहे? आणि तरी?"

"तेजूच्या बारशाला मावशींनी हेच नेसून पाळणा म्हटला हुता, ह्याच खोलीत. मी इचारलं, मावशी, डाळिंबी लुगड्याला हिरवा दोरा का वो? तर म्हनल्या, फाटलेलं शिवलंय, चोरलेलं न्हाई." अक्का खाली बसल्या. गोधडीच्या भोकावरून त्यांनी हात फिरवला. "त्या रफूवरनंच वळखलं मी."

"कुठं ओळखलंत? माझ्या पेटीत?"

"तुझ्या पेटीत?" अक्कांनी मान वर केली. "बोहारणीच्या गाठोड्यात. पाडवा झाल्यावर आठा दिसांनी. मऊ लुगडी असली तर दाव म्हनलं, तर तिनं हे काढलं. निम्मंच व्हतं. निम्मं तिनं फाडून मागवाल्यांस्नी इकलं हुतं, तेल पुसायला. मी म्हनलं, कुटनं आनलंस? तर म्हनली, तुमच्याच माडीवरच्या बाईंनी दिलं, जाड बुडाच्या पातेल्यावर."

मी हातातला तुकडा उलगडला.

"आन् ते पातेलं तर तू आदीच मला दावाय आनलं हुतंस. किती हसत हुतीस. गुंडाळलं म्हनलीस तिला." अक्कांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आईचं लुगडं भांड्यावर घातलंस, कुंदा. त्या पातेल्यातला च्या माझ्या घशाखाली उतरंना."

अभ्रा. जुनं कापड म्हणून मी लुगडं गुंडाळलं होतं ते उशीच्या अभ्र्यात. पाडव्याआधी पेटी उन्हात घातली, सगळं सामान पलंगावर काढलं, आणि पलंगावरच टाकाऊ अभ्र्यांचा ढीग होता. घासाघीस न करता बोचकं तोलून मुकाट पातेलं देणारी ती बोहारीण आता मला लख्ख दिसली. मी तिला गुंडाळलं नव्हतं. आईलाच गुंडाळून तिच्या हातात दिलं होतं.

"अक्का, मी नाही हो दिलं. म्हणजे दिलं, पण मला माहीत नव्हतं. ते अभ्र्यात होतं. अभ्र्यांच्या बोचक्यात गेलं."

हे बोलताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. हजेरीपट पावसात भिजला, रजिस्टर उंदरानं खाल्लं, असल्या सबबी मी रोज ऐकायचे. मी असते तर या सबबीवर लाल गोल केला असता.

"मग मला विचारलं का नाहीत?" मी रडत म्हटलं.

"इचारलं असतं तर तू कायतरी खोटं सांगितलं असतंस. ते मला तुझ्या तोंडनं ऐकायचं नव्हतं." त्या पुढं म्हणाल्या, "परवा अंगनात तू इचारलंस, कुठलं कापड म्हनून, तवा वाटलं, बघा, किती साळसूद. म्हनलं, हिला नको तर नको. पोरगी परगावी निघालीय, तिला तरी आजीची ऊब मिळंल. तिनं तिचे फ्राक दिले काढून. तुला जाताना दावायची हुती." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तू का न्हाई इचारलंस?"

"मलाही तेच वाटलं, अक्का. तुम्ही खोटं सांगाल."

अक्कांनी गोधडी गोळा केली, माझ्या हातातला तुकडा घेतला, नारळ ताटात ठेवला.

"असंल," त्या म्हणाल्या. "अभ्र्यात असंल."

आणि डोहाळजेवणाला निघून गेल्या.

असंल! त्या एका शब्दानं मला तीन दिवस पोळलं. खरं आहे असंही नाही, खोटं आहे असंही नाही. जन्मभर मी दुसऱ्यांकडे पुरावा मागत आले, आणि आता माझ्याकडे पुरावा नव्हता. त्या अभ्र्याच्या एव्हाना चिंध्या होऊन कुठल्यातरी मागाखाली गेल्या असतील. मी यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावर हात ठेवला, आणि चाळीचं भाडं विचारायला जाऊ का, असं मुद्दाम विचारलं. मी इतकी रडले की त्यांना चेष्टा आवरती घ्यावी लागली. खाली अक्का नेहमीसारख्या वागत होत्या. विरजण देत होत्या, तेजूचं सामान भरत होत्या, माझ्याशी लागेल तेवढं बोलत होत्या. पण माझ्यावर त्यांचा विश्वास बसलाय की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच वाचता येत नव्हतं. विश्वास बसला नाही तर त्या आयुष्यभर माझ्याकडे आईला विकणारी म्हणून बघणार होत्या, आणि वर विरजणही देणार होत्या.

रविवारी सकाळी मी दूध तापवत होते आणि गल्लीत हाळी ऐकू आली, "भांडीय्येऽऽ, जुन्यावर भांडीऽऽ!"

गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही. मी अनवाणी जिना उतरले आणि बोहारणीचा दंडच धरला. ती घाबरली.

"बाई, भांडं परत घेत न्हाई हं आम्ही!"

"भांडं राहू दे. चल तू."

डोक्यावरची पाटी सावरत ती माझ्यामागं ओढली आली. अक्कांच्या दारात मी तिला उभी केली आणि ओरडले, "अक्का! बाहेर या. विचारा हिला. पाडव्याला मी दिलेल्या अभ्र्यांच्या बोचक्यातून काय निघालं ते विचारा. सांग गं, खरं सांग!"

बोहारीण पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागली. अक्का बाहेर आल्या, हातात सुई, खांद्यावर दोरा.

"कुंदा, तिचा हात सोड."

"एकदाच विचारा, अक्का. माझ्यासाठी."

"न्हाई इचारायचं मला."

"अहो, पण का?"

"तिनं सांगितल्यावर मी इस्वास ठेवला, तर तो तिच्यावर ठेवला. तुझ्यावर कुटला?"

माझा हात आपोआप सुटला. अक्का बोहारणीला म्हणाल्या, "जा बाई तू. आज जुनं काय न्हाई आमच्याकडं." आणि आत वळल्या. बोहारणीनं पाटी सावरली, दोन पावलं गेली, मागं वळून चोरट्या नजरेनं माझ्याकडं बघितलं आणि भराभर चालू लागली. त्या नजरेत मला हवा होता तो सगळा पुरावा होता. अक्कांनी ती बघितली नाही. त्यांना ती बघायचीच नव्हती.

मी आत गेले. गोधडी जमिनीवर पसरलेली होती. आईचा तुकडा परत आपल्या जागी बसला होता, चारी कडांनी हिरव्या दोऱ्यानं टिपलेला. सगळ्या गोधडीला पांढरा धावदोरा, आणि मधोमध ही हिरवी चौकट, दारातूनसुद्धा डोळ्यात भरेल अशी.

"अक्का, पांढरा दोरा संपला होता?"

"न्हाई. दोन रिळं हायत." त्यांनी चष्मा पुसला. "दिसू दे की. फाटलेलं शिवलंय."

मला हुंदका आवरला नाही. अक्कांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "बास आता. पोरीला हाक मार, कोपरा ऱ्हायलाय."

तेजू आली. तिला आमच्या दोघींतल्या या कापाकापीचं काहीच माहीत नव्हतं, पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला सांगितलं. मोठ्या आईनं दाखवलं तसा तिनं उघड्या कोपऱ्यावर शेवटचा टाका घातला. वाकडाच पडला. अक्का म्हणाल्या, वाकडा असला तरी तुझा हाय, वाकळ आता तुला वळखंल. मग त्यांनी कात्री माझ्यापुढं धरली.

"दोरा तू तोड."

ती कात्री परत हातात घ्यायची माझी छाती झाली नाही. मी खाली वाकले आणि दोरा दातांनी तोडला.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "च्या टाकतीस का गं? सकाळधरनं घोटभर न्हाई पोटात."

"टाकते की." मी डोळे पुसत त्यांच्यामागं गेले. "पितळेच्या जुन्या पातेल्यात टाकते, अक्का."

"का? नवं गळाय लागलं?"

मी त्या नव्याच पातेल्यात चहा टाकला. अक्का दोन कप प्यायल्या.